खडकेवळ कुणाचं?

सांगलीत वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सातबारा येतो. बांधाची, वाटणीची, वहिवाटीची भांडणं मीही पोटापुरती चालवलीच. पण विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात आणखी एक जमात यायची. कवी, नाटकवाले, शाळेची गाईडं छापणारे, पाककृतींची पुस्तकं काढणाऱ्या बायका. त्यांचं भांडण जमिनीचं नसायचं, शब्दांचं असायचं. हे काम करायला आमच्या बारमध्ये फारसं कुणी उत्सुक नव्हतं. पक्षकार हळवे असतात, जिंकलं तरी कुणाला पत्ता लागत नाही आणि हरलं तर पक्षकार तुमच्यावरच कविता करतो. मला मात्र ते आवडायचं.

या अंकाच्या संपादकांनी गाजलेल्या खटल्यांवर लिहायला सांगितलंय. माझा एकही खटला गाजला नाही. ज्याचा अजून अभिमान वाटतो आणि जो आठवला की थोडं वाईटही वाटतं, अशा एकाबद्दल लिहिते. माणसांची आणि पुस्तकांची नावं बदलली आहेत.

पण आधी हा धंदा काय असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एकदा एक कवी तावातावानं आले. म्हणाले, "ताई, माझी कल्पना चोरली. नदीवर धुणं धुणारी बाई आणि तिच्या हातून वाहून गेलेलं लुगडं. आता त्या अमक्यानं तीच कविता छापलीय."

मी दोन्ही कविता वाचल्या. विचारलं, "यात तुमची ओळ कोणती आहे?"

"ओळी त्याच्या आहेत ओ. पण लुगडं माझं आहे!"

त्यांना समजवायला मला पूर्ण दुपार लागली. लुगडं कुणाचंच नसतं. नदीही नसते. कायदा कल्पनेचं रक्षण करत नाही, ती कल्पना तुम्ही ज्या शब्दांत मांडता त्या शब्दांचं करतो. मी पाककृतींचं उदाहरण द्यायची. कटाची आमटी कशी करायची, हे ज्ञान कुणाच्या मालकीचं नाही. पण एखाद्या बाईनं ती कृती स्वतःच्या भाषेत, आपल्या सासूच्या खोड्यांसकट लिहिली, तर ते शब्द तिचे. लेखक हयात असेपर्यंत आणि गेल्यानंतर साठ वर्षं ते शब्द त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या ताब्यात राहतात. त्यावर टीका करायला, परीक्षण लिहायला, त्यासाठी चार ओळी उद्धृत करायला कायदा मोकळीक देतो. ही मोकळीक किती, यावरच आमची पोटं चालतात.

कवी महाशय उठताना म्हणाले, "म्हणजे कायदा चोराच्या बाजूनं आहे." फी न देताच गेले, तेव्हा कायदा कुणाच्या बाजूनं आहे हे मलाही क्षणभर कळेना.

मी लेखकांच्या विरोधात आहे, असा कुणी समज करून घेऊ नये. इथल्याच एका शिक्षिकेचं बालनाट्य एका माणसानं फक्त पात्रांची नावं बदलून स्वतःच्या नावावर छापलं होतं. त्याच्यामागं मी अशी लागले की त्यानं शेवटी उरलेल्या प्रती बाईंच्या दारात आणून ठेवल्या आणि वर्तमानपत्रात माफी मागितली. त्या बाई मला अजून संक्रांतीला तिळगूळ पाठवतात. शब्द उचलणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. म्हणूनच पुढची गोष्ट घडली तेव्हा मी उलट्या बाजूला उभी आहे, असं माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना वाटलं.

पारिसा मगदूम हे माझे जुने पक्षकार. सांगलीत त्यांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हळदीच्या व्यापाऱ्यांची कॅलेंडरं, आणि वर्षाकाठी हौसेनं दोन-तीन पुस्तकं. एका सकाळी ते हातात नोटीस घेऊन आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, मी आपला साधा माणूस हाय. त्या सुभेदाराच्या नादाला लागून फसलो बघा."

नोटीस सातारच्या एका मोठ्या कादंबरीकाराची होती. सगळे त्यांना अप्पासाहेब म्हणायचे. 'खडकेवळ' नावाचं एक गाव त्यांनी मनानं उभं केलं होतं आणि त्या गावावर एकामागून एक सात कादंबऱ्या लिहिल्या होत्या. चार पिढ्या, दोन भावकींचं वैर, नदीतली होडी, तालमीतली माणसं. आमच्या भागात या कादंबऱ्या न वाचलेलं घर विरळा. मी स्वतः बाळंतपणात तिसरी वाचली होती आणि बाळ रडतंय हे मला आईनं सांगावं लागलं होतं.

मगदुमांनी छापलेलं पुस्तक म्हणजे 'खडकेवळ कोश'. सातही कादंबऱ्यांतली माणसं, त्यांची नाती, शेतांची आणि देवळांची नावं, बोलीतले शब्द आणि त्यांचे अर्थ, सगळं अकारविल्हे लावलेलं. शेवटी गावाचा हातानं काढलेला नकाशा. अप्पासाहेबांचं म्हणणं होतं की हे सगळं त्यांचं आहे, त्यांच्या परवानगीशिवाय कुणी ते विकू शकत नाही, आणि सगळ्या प्रती नष्ट करा.

"सुभेदार कोण?" मी विचारलं.

"उंब्रजचे हायत. साळुंखे. मी फोन केला तर म्हणाले, येतो, आन् फोन बंद." मगदुमांनी खुर्ची पुढं ओढली. "ताई, मी अंग काढून घेतलं तर चालंल का?"

"चालेल. प्रती त्यांच्या हवाली करा, लेखी हमी द्या, मोकळे व्हा."

ते नोटिशीची घडी घालत, उलगडत बसले. मग म्हणाले, "आईला काय सांगू? तिनं सगळी प्रुफं वाचल्यात. तिला आता सातवी कादंबरी पहिल्यांदा कळली म्हणती." त्यांनी नोटीस माझ्या टेबलावर ठेवली. "राहू द्या. लढू."

सुभेदार हणमंत साळुंखे दुसऱ्या दिवशी आले. उंच, मिशीला पीळ, आवाज असा की बाहेरच्या खोलीतला टायपिस्ट उठून उभा राहिला. नम्रपणा हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, खडकेवळ माझ्याएवढं कुणालाच ठावं न्हाई. अप्पासाहेबांना बी न्हाई."

"हे वाक्य कोर्टात बोलू नका," मी म्हणाले.

कोश कसा सुरू झाला, ते त्यांनी सांगितलं. त्यांची पलटण सरहद्दीवर होती. तिथं वाचनालयाच्या पेटीत खडकेवळच्या पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या कादंबरीच्या फाटक्या प्रती होत्या, बाकीच्या नव्हत्याच. पोरं मिळेल ते वाचायची आणि मग विचारायची, ही चंद्रा कुणाची कोण, हा तुका मध्येच कुठनं आला. सुभेदारांनी सुट्टीवर आल्यावर सगळे भाग वाचले होते. त्यांनी एका पुठ्ठ्यावर दोन्ही भावकींचा वंशवृक्ष काढून बराकीत टांगला. पोरं त्यात भर घालायला लागली. निवृत्तीनंतर त्यांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, कुठनं कुठनं वाचक जोडले गेले. कुणी म्हणायचं, चौथ्या भागात चंद्राच्या माहेरचं नाव आलंय. कुणी म्हणायचं, तो शब्द कानडी आहे, आमच्याकडं अजून बोलतात. अशी वर्षं गेली आणि पुठ्ठ्याचं पुस्तक झालं.

मी कोश घरी नेला आणि सावकाश वाचला. वाचताना दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. एक चांगली, एक वाईट.

वाईट आधी सांगते. बऱ्याच नोंदींत अप्पासाहेबांचे परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे उतरवले होते. घाटाचं वर्णन, होडी बुडते ती दुपार, चंद्राचं सासरी जाणं. अवतरणचिन्हंसुद्धा नव्हती. मी सुभेदारांना बोलावून ती पानं दाखवली.

"हे का उतरवलंत?"

"लय भारी लिवलंय म्हणून! त्याच्यापेक्षा बरं मी काय लिवणार?"

"म्हणूनच ते त्यांचं आहे, सुभेदार. इथं आपण उघडे पडतोय."

त्यांनी पानं मिटली. "आमी काय चोर न्हाई," एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट म्हणजे कोशाच्या शेवटी असलेला एक विभाग. त्याचं नाव 'विसंगती'. तिसऱ्या कादंबरीत वारलेले दादू मिस्त्री पाचव्या कादंबरीत लग्नाच्या पंगतीत जेवतात. एका भागात देवळाच्या पूर्वेला असलेली विहीर दुसऱ्या भागात पश्चिमेला जाते. एका बाईचं लग्न दोनदा होतं, त्याच नवऱ्याशी. वाचकांनी मिळून शोधलेल्या अशा जागा तिथं गुण्यागोविंदानं, कुठलाही टोमणा न मारता मांडल्या होत्या. नोटिशीत या विभागाचा उल्लेखही नव्हता. पण मी ती पुन्हा वाचली, तिचा सूर पाहिला आणि मला खात्री पटली की अप्पासाहेबांना जे लागलंय ते इथं लागलंय.

कायद्याची गंमत बघा. जे प्रेमानं उतरवलं होतं, त्यावर आम्ही पकडले जाणार होतो. आणि ज्यानं लेखक दुखावला होता, ती टीका होती. तिला कायद्याचं पुरेपूर संरक्षण होतं.

दावा साताऱ्यात लागला. या कायद्यात लेखक आपल्या राहत्या गावी दावा लावू शकतो. म्हणून मी तारखेला सांगलीहून एसटीनं निघायची आणि उंब्रजला सुभेदार चढायचे. पहिल्या तारखेला ते इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदकं लावून आले होते. मी म्हटलं, पदकं काढा, न्यायाधीशांना वाटेल दबाव आणताय. त्यांनी ती काढून रुमालात बांधली.

उंब्रज मागं पडलं होतं, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, आणि सुभेदार खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, मी माफी मागून टाकतो. पुस्तकं जाळतो. त्या माणसाला आपल्यापायी तरास नको."

माझं डोकं तडकलं. पण निर्णय पक्षकाराचा असतो, वकिलाचा नव्हे. मी एवढंच विचारलं, "कशाची माफी मागणार? शब्द उतरवल्याची, की त्यांची पुस्तकं इतकी लक्ष देऊन वाचल्याची?"

"दोन्ही येकच न्हाई का?"

"अजिबात नाही. पहिल्याची मागा, मी लिहून देते. दुसऱ्याची मागितलीत तर उद्या कुठल्याही वाचकाला पुस्तकाबद्दल तोंड उघडायच्या आधी लेखकाची परवानगी काढावी लागेल."

साताऱ्याला उतरताना त्यांनी रुमालातली पदकं कोटाच्या आतल्या खिशात घातली.

कोर्टाच्या व्हरांड्यात अप्पासाहेब बाकावर बसले होते. पांढरं धोतर, हातात काठी, शेजारी पुण्याहून आलेले त्यांचे वकील. सुभेदार थेट त्यांच्यासमोर गेले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. अप्पासाहेबांनी पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. सुभेदारांचा हात कपाळाशी तसाच राहिला. मी जाऊन त्यांच्या कोपराला हात लावला तेव्हा तो खाली आला. शेवटी पुस्तकाची विक्री निकालापर्यंत थांबवायचा हुकूम झाला आणि कोर्टानं दोन्ही बाजूंना त्याच दुपारी मध्यस्थीसाठी बसायला सांगितलं.

मध्यस्थी म्हणजे एका लहान खोलीत टेबलाभोवती बसून, साक्षीपुरावे बाजूला ठेवून बोलायचं. जमलं तर तडजोड, नाही तर परत कोर्टात. तिथं काय बोललं गेलं ते बाहेर सांगायचं नसतं. नावं बदलल्यामुळं आणि आता सगळं मिटल्यामुळं मी तेवढी सवलत घेते.

अप्पासाहेबांचे वकील फार गोड माणूस होते. म्हणाले, "आमचं मन मोठं आहे. उतरवलेले परिच्छेद राहू द्या. आम्ही परवानगी देतो. एवढंच नव्हे, अप्पासाहेब स्वतः प्रस्तावना लिहून देतील. फक्त तो शेवटचा 'विसंगती' विभाग काढून टाका."

मी सुभेदारांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. अप्पासाहेबांची प्रस्तावना! बराकीत पुठ्ठा टांगणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठं काय मिळणार होतं? मगदूम टेबलाखालून मला खुणावत होते, घ्या, घ्या. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता मान हलवणार आणि मला ते लिहून घ्यावं लागणार.

सुभेदारांनी अप्पासाहेबांकडं वळून विचारलं, "साहेब, एक सांगा. त्यातली कुठली नोंद खोटी हाय?"

अप्पासाहेबांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. "खोटी एकही नाही," ते म्हणाले. "म्हणूनच काढा."

मग ते बोलत गेले, आणि त्यांच्या बोलण्याचा माझ्यावर परिणाम झाला नाही असं मी म्हणणार नाही. "मी लेखक आहे, तलाठी नाही. दादू मिस्त्री मेला हे मला माहीत होतं हो. पंगत लिहायला बसलो आणि तो येऊन बसला. उठवायचं माझ्या जिवावर आलं. तुम्ही माझ्या गावाची मोजणी केलीत, सुभेदार. खुणा रोवल्यात. मला आता आठवा भाग लिहायला बसलं की भीती वाटते. विहीर कुठं आहे ते तुमच्या नकाशात बघायचं का?"

 वकिलांनी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला.

सुभेदारांचे डोळे भरले होते, पण आवाज होता तसाच होता. "साहेब, हे आमाला ठाव असतं तर आमी हे बी लिवलं असतं. का दादू मिस्त्री पंगतीला कसा आला ते. पोरं खूस झाली असती." मग ते ताठ बसले. "खोटं असतं तर मी आत्ता तुमच्यासमोर पान फाडलं असतं. पण खरं हाय म्हणून काढा म्हंता, ते मला जमायचं न्हाई. मी आयुष्यात अशी ऑर्डर घेतली न्हाई."

"मग प्रस्तावना नको?" वकिलांनी विचारलं.

"लय पायजे," सुभेदार म्हणाले. "पण अशी न्हाई."

मध्यस्थी फिसकटली. बाहेर आल्यावर मगदूम कपाळाला हात लावून बसले. मी मात्र मनातल्या मनात उभी राहून टाळ्या वाजवत होते. सकाळी पुस्तकं जाळायला निघालेला माणूस दुपारी ताठ उभा होता, आणि यात माझा वाटा जवळपास काहीच नव्हता.

युक्तिवादाच्या दिवशी पुण्याचे वकील चांगलं बोलले. त्यांचा मुद्दा पक्का होता आणि तो मी इथं प्रामाणिकपणे सांगते. खऱ्या गावाची माहिती कुणाच्या मालकीची नसते हे मान्य. पण खडकेवळ खरं नाही. तिथला माणूस न् माणूस, विहीर न् विहीर लेखकाच्या डोक्यातून आलेली आहे. ती वस्तुस्थिती नाही, निर्मिती आहे. मग तिची यादी करून विकणं म्हणजे निर्मितीच विकणं नव्हे का? बसता बसता माझ्याकडं बघून त्यांनी वर आणखी टोला हाणला, "आमच्या विद्वान भगिनी आजवर लेखकांच्या बाजूनं लढल्या. आज त्यांना काय झालं?"

मी म्हणाले, मला काही झालेलं नाही. बालनाट्य चोरणाऱ्यानं नाटकाच्या जागी नाटक विकलं होतं. हा कोश कादंबरीच्या जागी कुणी वाचत नाही. कादंबरी ज्यानं वाचलीय, वाचतोय किंवा वाचून गोंधळलाय, त्याच्यासाठी हा आहे. लेखकानं गाव रचलं, ते छापून लोकांना दिलं, आता त्या गावात कोण राहतं हे लोकांनी एकमेकांना सांगायचं नाही, असं कसं म्हणता येईल? मग शाळेतल्या मास्तरांनी पात्रपरिचय शिकवू नये, समीक्षकानं कथानक सांगू नये, सुनेनं सासूला मागच्या भागात काय झालं ते सांगू नये. शब्द लेखकाचे आहेत, ते आम्ही जिथं उतरवले तिथं चुकलो, ते काढतो. पण त्या शब्दांबद्दल बोलायचा हक्क वाचकाचा आहे. तो त्यानं पुस्तक विकत घेतलं तेव्हाच त्याच्याकडं आलेला आहे.

चूक कबूल करण्याचा हा भाग सुभेदारांना विचारूनच मी बोलले होते. न्यायाधीशबाई शांतपणे पानं उलटत होत्या. त्यांनी एकदम मान वर करून विचारलं, "कोशकार हजर आहेत का? मला सांगा, हे पुस्तक वाचल्यावर कादंबरी वाचायची गरज उरते का?"

सुभेदार मागच्या बाकावरून उठले. "मॅडमसाहेब, कादंबरी न वाचता नुसतं हे वाचलं तर काय बी कळत न्हाई. मिलिटरीच्या नकाशागत हाय हे. नकाशा बघून कुणाचं पाय दुखत न्हाईत. चालायला तर लागतंच."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. अप्पासाहेबसुद्धा हसले असावेत असं मला वाटलं. मी नेमकी त्यांच्याकडं बघायला चुकले.

हुकूम झाला तो असा. उतरवलेले परिच्छेद काढल्याशिवाय कोश विकता येणार नाही. ते काढल्यावर विकता येईल. हे लेखकाचं किंवा लेखकानं मान्य केलेलं पुस्तक नाही, असं मुखपृष्ठावर ठळक छापायचं. 'विसंगती' विभागाला हात लावायचं कारण कोर्टाला दिसत नाही. वरच्या कोर्टात जायची भाषा झाली, पण अप्पासाहेबांनी पुढं तो नाद सोडला. दोन्ही वकिलांनी आपापल्या पक्षकाराला आपण जिंकलो म्हणून सांगितलं.

आता सुभेदारांना ती सगळी वर्णनं स्वतःच्या शब्दांत लिहायची होती. ते लिहून आणायचे आणि माझ्यासमोर मुलाखतीला आल्यासारखे बसायचे. त्यांचं गद्य म्हणजे चौकीचा अहवाल. होडी बुडते त्या दुपारवर अप्पासाहेबांनी लिहिलेली चार पानं होती, सुभेदारांनी लिहिलं, "होडीत माणसं जास्त होती. हे सगळ्यांना माहीत होतं. घाई होती म्हणून कुणी बोललं नाही. नदी शांत होती." मी ते वाचलं आणि त्यांच्याकडं बघितलं.

"जमलं न्हाई काय?" त्यांनी विचारलं.

"एक शब्द बदलू नका," मी म्हणाले.

कोश बाजारात आला. मगदुमांच्या आईंनी पहिली प्रत देवापुढं ठेवली. कादंबऱ्यांचा खपही वाढला असं दुकानदार सांगतात. मला त्याचा पुरावा नको, मला ते माहीतच होतं.

वाईट वाटतं ते याचं, की ते दोघं पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. अप्पासाहेबांचा आठवा भाग कधी आला नाही. लोक म्हणतात वयामुळं. सुभेदार म्हणत, माझ्यामुळं. मी त्यांना म्हणाले, तो हिशेब तुमच्याकडं नाही, सोडून द्या. त्यांनी सोडला नाही. अप्पासाहेब गेले तेव्हा सुभेदार सातारला गेले होते, गर्दीच्या मागं उभे राहिले आणि कुणाला न भेटता परत आले. त्या दिवशी त्यांनी कोटाला पदकं लावली होती, असं मला मगदुमांनी सांगितलं. एवढं होऊनही मी आज पुन्हा तोच खटला तसाच लढेन. लेखकाचं दुःख खरं असू शकतं आणि तरी त्याची मागणी चुकीची असू शकते. दोन्ही डोक्यात एकाच वेळी धरायला शिकणं, यालाच मी माझा धंदा समजते.

मी गेल्या वर्षी कोर्टात जाणं थांबवलं. त्यानंतर काही महिन्यांनी सुभेदार घरी आले. पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून टेबलावर आपटलं. अप्पासाहेबांच्या वारसांनी एका मोठ्या प्रकाशनाकडून काढलेला 'अधिकृत खडकेवळ कोश'. चकचकीत कागद, रंगीत नकाशा.

"स वर उघडा," ते म्हणाले. "सखाराम वायरमन वाचा."

मी वाचलं. खडकेवळात वीज आली तेव्हा खांबावर चढलेला माणूस, अशी नोंद होती.

"बरं मग?"

"मॅडम, हा कुठल्याच कादंबरीत न्हाई! खांबावर चढला त्याचं नाव अप्पासाहेबांनी लिवलेलंच न्हाई. सखा वायरमन आमच्या आळीत ऱ्हातो. मी ती नोंद लिवत हुतो तवा तो आमच्या घरात फॅन दुरुस्त करत हुता, लय बडबड करत हुता, आन् माझ्या हातनं त्याचं नाव पडलं. कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. आता सांगा, ह्यांनी कुठनं घेतलं?"

मी इतकी हसले की आतून माझी सून धावत आली. सुभेदार मात्र हसत नव्हते. "केस करायची. आता आपली पाळी."

मी हसू आवरलं आणि त्यांना बसवलं. दोन्ही कोश शेजारी ठेवून तासभर पानं लावली. माहिती तीच होती, क्रमही बराचसा तोच, पण वाक्यं त्यांनी नव्यानं लिहिली होती. मी पुस्तक मिटलं.

"सुभेदार, त्यांनी तुमची माहिती घेतली, शब्द घेतले नाहीत. आपण कोर्टात हेच मागितलं होतं ना, की ही माहिती कुणाच्या मालकीची नाही?"

"पर मेहनत आमची!"

"मेहनत तुमची. पण ज्या दारानं तुम्ही आत गेलात, ते मी त्यांच्या तोंडावर लावणार नाही. लावलं तर उद्या तिसरा कुणी कोश करेल, त्याच्यावरही बंद होईल."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, ती ऐकत बसले. "म्हंजे त्यांना बी मोकळीक."

"त्यांनाही."

"बरं," ते म्हणाले. जरा वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मग आता दुसरी आवृत्ती काढतोय त्यात प्रस्तावनेत लिवू काय? का सखाराम वायरमन ही माझी चूक हाय, तो खडकेवळचा न्हाई, उंब्रजचा हाय, आन् अधिकृत कोशात बी हीच चूक सापडंल. कायद्याची हरकत न्हाई न्हवं?"

"अजिबात नाही."

"पानाचा नंबर घालून?"

"नंबर घालून, पुस्तकाचं पूर्ण नाव घालून लिहा," मी म्हणाले. "आणि नोटीस आली तर सरळ इकडं घेऊन या. कोर्टात जाणं थांबवलंय, सनद परत केलेली नाही."